चौदा दिवसांच्या गोळ्या

९ जुलै, मंगळवार

नंदूला मलेरिया झालाय असं रिपोर्टात लिहून आलंय. लिहून आलेलं सगळं खरं मानायला मी काही मुलुंडला काल राहायला आलेली नाही. एकतीस वर्षं झाली. पण ताप मात्र खरा आहे. रोज दुपारी हुडहुडी भरते, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजतात, आणि तासाभराने घामाने चादर पिळून काढावी लागते.

डॉक्टर सबनीस गेल्यापासून दवाखान्यात त्यांचा मुलगा देवव्रत बसतो. वडील पेशंटकडे बघायचे, हा कॉम्प्युटरकडे बघतो. त्याने दोन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या, तीन दिवसांच्या आणि चौदा दिवसांच्या. वर म्हणतो, चौदावाल्या सुरू करण्याआधी रक्ताची अजून एक तपासणी करून घ्या, काही लोकांच्या रक्तात जन्मतःच एक गोष्ट कमी असते आणि त्यांना ही गोळी चालत नाही. चौसष्ट वर्षं हेच रक्त घेऊन माझा नवरा हिंडतोय, त्यात आत्ताच काय कमी झालं? लॅबशी साटंलोटं असणार, दुसरं काय! तरी केली तपासणी. सगळं नीट आलं. ते येणारच होतं.

खरा प्रश्न असा की मलेरिया बिल्डिंगमध्ये आणला कोणी? मंदार सोसायटीची सेक्रेटरी मी आहे, तेव्हा शोध मलाच घ्यावा लागणार. जूनमध्ये आधीच्या वॉचमनला ताप यायला लागला, तेव्हा मीच कमिटीत ठराव मांडला होता की ताप असलेला माणूस गेटवर नको, एजन्सीकडून लगेच बदलून घ्यावा. एकमताने पास झाला. त्याच्या जागी आलेला धोंडिराम जव्हारकडचा, पंचविशीतला. आला तेव्हा धडधाकट होता.

चौथ्या मजल्यावर गंधालीच्या बाल्कनीत अकरा कुंड्या आहेत. आज खाली उभं राहून मोजल्या.

१४ जुलै, रविवार

ताप उतरला. परवापासून चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या, रात्रीच्या जेवणानंतर एक. मी म्हटलं, मी देत जाईन हातात. तर म्हणे, "कुंदा, मी काय शाळेत जातो का? मी घेईन." पाकीट स्वतःच्या खिशात ठेवलंय. आम्ही दोघं एकाच खात्यात कारकून होतो, टेबलाला टेबल लागून. तेव्हापासून अरे-तुरे आहे आणि तेव्हापासून मला ठाऊक आहे की हा माणूस खिशात हात ठेवून बोलायला लागला की काहीतरी लपवत असतो.

आणि आता हे नवीन शतपावलीचं खूळ. संसारात कधी जेवणानंतर शंभर पावलं चालला नाही, आणि तापातून उठून लटपटत खाली जातो! काल खिडकीतून पाहिलं. गेटपाशी धोंडिरामशी बोलत उभा होता. मी दिसल्यावर दोघं गप्प झाले.

कुठेतरी पाणी मुरतंय. चार वर्षांपूर्वी छातीत दुखलं तेव्हा नंदूने तंबाखू सोडली होती. सोडली होती म्हणजे मी सोडायला लावली होती. हा धोंडिराम त्याला पुड्या तर पुरवत नाही ना?

१९ जुलै, शुक्रवार

महापालिकेकडून एक मुलगी आली, तेजल नाव. मलेरियाचा पेशंट निघाला की त्याच्या आजूबाजूच्या तापकऱ्यांचं रक्त घेतात म्हणे. आजकाल ओळखपत्रं कोणीही छापून आणतं, म्हणून मी तिच्या ओळखपत्राचा फोटो काढून घेतला. तिने काढू दिला, पण तोंड वाकडं केलं.

"बिल्डिंगमध्ये अजून कोणाला ताप?"

"कोणालाही नाही."

"वॉचमन?"

"आमचा नियमच आहे. ताप असलेला वॉचमन आम्ही ठेवत नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मग काकू, त्याला ताप आला तर तो तुम्हाला सांगेल का?"

हल्लीच्या पोरींना बोलायचं वळणच नाही. धोंडिरामला बोलवायला पाठवलं तर तो गेटवर नव्हता. ती गेल्यावर पंपरूममधून बाहेर आला. पावसाळी उकाड्यात मी पदराने वारा घेत होते आणि ह्याच्या अंगात स्वेटर! आत झोप काढत असणार. नंदूला सांगितलं तर म्हणाला, "झोपला असेल गं, माणूसच आहे."

जाण्याआधी तेजलने गच्चीवरची टाकी बघायची म्हणून हट्ट धरला. टाकीच्या झाकणाला मी दोन वर्षांपूर्वी कुलूप लावून घेतलंय. पाण्यात कोण काय टाकेल सांगता येत नाही, म्हणून चावी माझ्याकडेच असते. वर जाऊन बघते तर कुलूप नुसतं अडकवलेलं आणि झाकण तिरकं! तिने वाडगंभर पाणी काढलं आणि मला दाखवलं. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून बारीक काड्यांसारखे जीव आडवे पडले होते. बोट जवळ नेलं की सटकत होते. "हे मलेरियाच्या डासाचे. ह्यांना स्वच्छ पाणी लागतं, काकू. कुंड्यांपेक्षा टाक्याच जास्त आवडतात."

प्लंबरला फोन करून फैलावर घेतलं. तो काय म्हणाला? "मॅडम, चावी मागायला आलं की तुम्ही अर्धा तास चौकशी करता, कशाला, किती वेळ, बरोबर कोण. म्हणून आम्ही झाकण नुसतं टेकवून ठेवतो."

म्हणजे दोष माझा. वा! टाकी धुऊन घेतली आणि झाकण घट्ट बसवलं. गंधालीला आधी दोन शब्द बोलले होते, ते परत घ्यायला हवेत बहुतेक. तरी अकरा कुंड्या म्हणजे अतीच.

२६ जुलै, शुक्रवार

आज धोंडिराम चार दिवसांची रजा मागायला आला. डोळे पिवळे. विचारलं तर म्हणाला, "जरा थकवा आहे मॅडम, गावाला जाऊन येतो." ह्या वयात पिवळे डोळे दारूशिवाय कशाने होतात? मी रजा दिली, पण वहीत नोंद करून ठेवली.

नंदूच्या गोळ्या काल संपल्या. पाकीट मी कचऱ्याच्या डब्यातून काढून तपासलं. चौदाच्या चौदा खळगे रिकामे. ह्या बाबतीत तरी माणूस सरळ वागला.

२९ ऑगस्ट, गुरुवार

महिनाभर लिहायला काही नव्हतं. आज दुपारी चार वाजता नंदूला पुन्हा हुडहुडी भरली. तसेच दात, तशाच दोन गोधड्या. पहिल्या वेळेपेक्षा फार खंगलाय. शर्ट खांद्यावरून उतरतो. रात्रभर त्याच्या पायांना सुंठ चोळत बसले. हा माणूस मला हवा आहे, एवढं साधं वाक्य त्याच्यासमोर मला कधी बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

३१ ऑगस्ट, शनिवार

तोच मलेरिया, व्हायवॅक्स म्हणतात ती जात. देवव्रतने पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का?"

मी म्हटलं, "रिकामे खळगे मी स्वतः मोजलेत."

त्याने नंदूकडे पाहिलं. नंदूने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मग डॉक्टरने समजावलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं समजावलं. डास चावला की हे जंतू आधी यकृतात जातात. तिथून काही रक्तात उतरतात आणि ताप आणतात. बाकीचे यकृतातच झोपून राहतात, महिना, दोन महिने, कधी वर्षभरसुद्धा. तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातल्यांसाठी आणि चौदा दिवसांच्या ह्या झोपलेल्यांसाठी. ते उरले की कधीतरी जागे होतात आणि ताप पुन्हा येतो, नवा डास न चावताही.

मला हे फार पटलं. शत्रू घरातच शांत झोपून असतो आणि रिपोर्टात दिसत नाही, हेच मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले आहे.

नंदूने मात्र विचित्र प्रश्न विचारला. "डॉक्टर, निम्म्या गोळ्या घेतल्या तर निम्मे तरी मरतात ना?"

"असा हिशोब नसतो, काका. निम्म्या घेतल्या तर उरलेले पुन्हा उठतात, आणि ये रे माझ्या मागल्या."

कारकुनाचा प्रश्न, दुसरं काय! माझा संशय आता केमिस्टवर आहे. गोळ्याच बनावट असणार. ह्या वेळी स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानातून आणल्या, बिल घेतलं आणि पाकिटावरचा नंबर वहीत उतरवला.

४ सप्टेंबर, बुधवार

आज नंदूचे खिसे तपासले. तंबाखू नाही. वर्तमानपत्राच्या कागदाची एक छोटी पुडी सापडली, रिकामी. हुंगून पाहिली, कसलाच वास नाही. म्हणजे वास न येणारं काहीतरी आणतायत आता. धूर्त आहेत दोघंही.

शतपावली चालू आहे. ताप गेला, पण माणसाला जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागतं, तरी खाली जायचं चुकत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. मखर करता करता खिडकीशी उभी राहिले आणि अखेर रंगेहाथ पकडलं. नंदूने खिशातून पुडी काढून धोंडिरामच्या हातात दिली. धोंडिरामने ती तोंडात टाकली आणि वर बाटलीतलं पाणी प्यायला.

माझा सगळा अंदाज उलटा निघाला. मला वाटत होतं धोंडिराम देतो आणि नंदू घेतो. पण पाण्याबरोबर तंबाखू कोण खातं? म्हणजे नशेची गोळी असणार. नंदूचं भोळेपण बघून त्या पोराने त्याला नादी लावलंय, आणायला लावतोय. दुसरा अर्थच निघत नाही.

नंदू वर आल्यावर मी खाली गेले. "काकांकडून काय घेतोस रे?"

"काही नाही मॅडम."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

तो खाली मान घालून उभा राहिला. चेहरा पिवळा पडलेला, ओठ पांढरे. म्हणाला, "काकांना काही बोलू नका. त्यांचा दोष नाही. मला कामावरून काढू नका मॅडम, घरी दोघं लहान भाऊ आहेत शाळेत." गुन्हेगारच असं बोलतो. एजन्सीला फोन करून सांगितलं, गणपती झाले की दुसरा माणूस पाठवा. नंदूला हे सांगितलेलं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी दहाच्या सुमाराला वरून गंधाली ओरडली, "काकू, वॉचमन पडला!" मी चपला शोधेपर्यंत नंदू पुढे. ज्या माणसाला मजल्यामजल्यावर थांबावं लागत होतं, तो अनवाणी तीन मजले उतरून गेला होता.

धोंडिराम गेटच्या आत पडला होता. श्वास लागला होता, अंग हळदीसारखं पिवळं. गंधालीने रिक्षा आणली. नंदूने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाला, "कुंदा, घरात माझ्या गोळ्यांचं पाकीट आहे, कपाटात गंजीफ्रॉकखाली. ते घेऊन ये. डॉक्टरला दाखवावं लागेल."

मी आणलं. तेव्हासुद्धा मला कळलं नाही. लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिते. हातात पाकीट धरून रिक्षात बसेपर्यंत मी विचार करत होते की नशेच्या गोळीचं आणि ह्या पाकिटाचं काय नातं?

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवीचा रंग?"

नंदू म्हणाला, "तीन दिवसांपासून कोकमासारखी होते, असं मला म्हणाला होता. मी म्हटलं, पाणी जास्त पी."

"ही गोळी ह्याला कोणी दिली?"

"मी."

१० सप्टेंबर, मंगळवार

धोंडिरामच्या रक्तात ती एक गोष्ट जन्मतःच कमी आहे. देवव्रतने नंदूची केलेली तपासणी ह्याची कोणी केलीच नव्हती. चौदा दिवसांच्या गोळीने त्याच्या तांबड्या पेशी फुटत गेल्या. जुलैतले पिवळे डोळेही त्यामुळेच. आता त्याला बाहेरचं रक्त चढवतायत. कालची रात्र निघाली म्हणजे आशा आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त द्यायला गंधाली आणि तिचा नवरा गेले. माझ्या अंगातच रक्त कमी निघालं, मला परत पाठवलं.

नंदू इस्पितळाच्या जिन्यात बसून सगळं बोलला. जुलैत त्याला आणि धोंडिरामला एकाच आठवड्यात ताप आला. तीन दिवसांच्या गोळ्या धोंडिरामने दुकानातून तशाच आणल्या. चौदावाल्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, आणि चिठ्ठीसाठी दवाखान्यात जायचं म्हणजे गेट सोडून जायचं, कारण सांगायचं. म्हणून दोघांनी वाटून घेतल्या. एक दिवस नंदू, एक दिवस तो.

"आणि ह्या वेळी?"

"ह्या वेळी त्याला पुन्हा ताप आला, तो माझ्यापेक्षा वाईट. म्हटलं आधी त्याचा कोर्स पुरा होऊ दे, मग माझ्यासाठी पुन्हा आणू. रोज त्यालाच दिली."

"आणि तू?"

"मी एकही नाही घेतली."

मी ओरडले. माणसं बघायला लागली. "मला का नाही सांगितलंस?"

तो शांतपणे म्हणाला, "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, कुंदा?"

एजन्सीला फोन केला असता. न सांगताही केला होता. हे मी तिथेच त्याला सांगून टाकलं. तो उठून धोंडिरामला बघायला आत गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

पण नंदूचाही मला राग आहे, तो इथे लिहून ठेवते. दया करायची तर डोळे उघडे ठेवून करावी. चांगुलपणाच्या भरात त्याने पोराचा जीव जवळजवळ घेतला होता, आणि स्वतःचा आजार अर्धवट ठेवला होता.

१५ सप्टेंबर, रविवार

धोंडिराम वाचला. उठून बसतो, पेज पितो. एजन्सीला फोन करून सांगितलं, दुसरा माणूस नको, जागा त्याचीच राहील.

नंदूचा कोर्स पहिल्यापासून सुरू झाला. आता पाकीट माझ्याकडे. गोळी मी देते, पाणी मी देते, आणि मग म्हणते, "आ कर. जीभ वर."

"अगं, गिळली."

"जीभ वर."

तो हसतो आणि जीभ वर करतो. आज म्हणाला, "संशय घेऊनच का होईना, बरा करशील मला." मी त्याला गप्प बस म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले.

२२ सप्टेंबर, रविवार

कमिटीची सभा. मी ठराव मांडला की जूनचा नियम रद्द करावा. कोणाही कामगाराला ताप आला तर त्याला सोसायटीने दवाखान्यात न्यावं आणि त्याची नोकरी राहावी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाले, "मॅडम, नियम तुमचाच ना? तेव्हा तुम्हीच म्हणालात की उद्या आपल्या घरात येईल." दुसरे म्हणाले, "आणि नंदकुमारांना कुठून आला मग?"

माझीच वाक्यं, माझाच आवाज. दोन तास बोलले. डास एका माणसाचा मलेरिया दुसऱ्याकडे नेतो, तेव्हा ताप लपवायला लावला की तो सगळ्यांच्याच घरात जातो, हे चार वेळा सांगितलं. टाकीचंही सांगितलं, चावीसकट. तेव्हा हसले सगळे. शेवटी पास झाला, पण एकमताने नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

धोंडिराम गावाहून परतला. खूप बारीक झालाय. नंदू त्याला बघून खुर्चीतून उठला, पण फार वेळ उभा राहू शकला नाही. ह्या वेळच्या चौदा गोळ्या झाल्या, ताप नाही, पण पायांत अजून ताकद नाही.

इस्पितळातून धोंडिरामला सांगितलंय की आता रक्त भरलंय, पण यकृतातल्या जंतूंचं काम बाकी आहे. त्याच्यासाठी तीच गोळी, पण आठवड्यातून एकदाच, आठ आठवडे. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं आणि नर्ससमोर घ्यायची. पुढच्या सोमवारपासून.

मी म्हटलं, "मी येत जाईन बरोबर."

त्याने नंदूकडे पाहिलं. "काका येतील का?"

"काकांना अजून तेवढं चालवत नाही रे."

"मग मी एकटाच जाईन, मॅडम."

अगदी नम्रपणे म्हणाला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

नऊला निघायचं म्हणून मी पावणेनऊला खाली उतरले. तो आठलाच निघून गेला होता. मी रिक्षा करून गेले.

इस्पितळात बाकावर बसला होता. मला बघून दचकला आणि उठून उभा राहिला. मी बस म्हटलं. तो बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. थोड्या वेळाने एक बाई येऊन त्या जागेत बसल्या.

त्याचं नाव पुकारलं. दार उघडंच होतं. नर्सने विचारलं, "बरोबर कोण आलंय?" तो म्हणाला, "कोणी नाही." रक्ताचा रिपोर्ट बघून तिने गोळी दिली, त्याने ती गिळली. अर्धा तास थांबायचं होतं. तो परत येऊन बसला.

मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही जा घरी. मी दोनच्या ड्युटीला वेळेत येतो. पळून नाही जात."

मी म्हटलं, "अरे, मी तुझ्यावर पाळत ठेवायला नाही आले. सोबत म्हणून आले."

त्याने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं. आणि त्याला पटावं असं मी आजवर काही वागलेच नव्हते. मला फार वाईट वाटलं. तो अर्धा तास आम्ही दोघं त्या बाईंच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

अजून सात सोमवार आहेत. पुढच्या वेळी मी साडेसातलाच खाली जाईन.